चार पायांचा कोहळा

पवनानगरच्या नाक्यावर इब्राहिम मुलाण्याचं मटणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची टपरीच, पण वरच्या फळीवर ‘मानकरी मटण शॉप’ असं लाल रंगात ठसठशीत रंगवलेलं. शनिवार-रविवारी पवना धरणाच्या काठावरच्या तंबूंत राहायला पुण्या-मुंबईची पोरं येतात आणि गाडीची काच खाली करून विचारतात, काका, बोनलेस आहे का. इब्राहिम त्यांना बोनलेस देतो, मसाला लावूनही देतो, पण देताना त्याचा चेहरा असा होतो की हाडं बकऱ्याची नव्हे, त्याचीच काढून घेतली आहेत. कारण इब्राहिम नुसता मटणवाला नव्हे. तो खांडशेतचा मुलाणी आहे, आणि खांडशेतच्या मुलाण्याला धरणाचा मान आहे.

हा मान काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. सांगितल्यावरही वाटेलच, पण निदान क्रमानं वाटेल.

खांडशेत हे बेडशाच्या डोंगरापलीकडचं गाव. गावाच्या डोक्यावर नदीला बांध घालून पाटाच्या पाण्यासाठी केलेलं जुनं धरण आहे. ते बांधत होते तेव्हा पायाच्या खड्ड्यात सारखं पाणी भरायचं. उपसलं की भरायचं. त्या जागेपाशीच साती आसरांचे शेंदूर लावलेले सात दगड होते, तेव्हा गावानं ओळखलं की पाण्यातल्या या बहिणी रागावल्यात. ठेकेदाराच्या खर्चानं बोकड आणला. मावळात जत्रा कुठल्याही देवाची असो, बोकडावर सुरी चालवायची ती मुलाण्यानंच. ती इब्राहिमच्या बापानं, याह्या मुलाण्यानं चालवली. दुसऱ्या दिवशी पाणी थांबलं. ते पंप दुरुस्त झाल्यामुळं थांबलं, असं म्हणणारे लोक होते, पण ते बाहेरगावचे होते. गावानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं की इथून पुढं या धरणात जेव्हा जेव्हा काही नवी भर पडेल, तेव्हा तेव्हा पहिली सुरी मुलाण्याची.

ठरवायला काय जातंय. सरकारी धरणात भर पडते ती फक्त गाळाची.

याह्या वाट बघून गेला. मग इब्राहिम वाट बघायला लागला. एकदा पाटबंधारे खात्यानं ‘पोहण्यास सक्त मनाई’ असा बोर्ड लावला, तेव्हा तो कोंबडी काखेत मारून हजर झाला होता. महिपती आबांनी, म्हणजे गावात ज्यांच्या शब्दापुढं शब्द नाही त्यांनी, निकाल दिला की बोर्ड धरणात नाही, धरणाशेजारी आहे. पुढं भिंतीवर नवं रेलिंग बसलं. ते तर धरणावरच होतं. पण जुनं गंजून पडलं म्हणून नवं बसवलं, तेव्हा ती भर नव्हे, दुरुस्ती, असं ठरलं. इब्राहिमनं दोन्ही वेळा कोंबडी घरी आणून खाल्ली आणि ती त्याला गोड लागली नाही.

अशात खात्याच्या मनात आलं की पाटाला पाणी सोडायचंच आहे, तर ते एखाद्या मशीनमधून सोडावं म्हणजे जाता जाता वीजही होईल. धरणाच्या पायथ्याला छोटं वीजघर उभं राहिलं. इब्राहिम रोज दुकान लवकर बंद करून ते बघायला जायचा. ही भर होती. ही दुरुस्ती आहे असं म्हणण्याची कुणाची टाप नव्हती. त्यात आणखी एक गोष्ट अशी झाली की त्याची मुलगी तमन्ना लोणावळ्याला डिप्लोमा करून आलेली, तिला त्याच वीजघरात ठेकेदाराकडं ऑपरेटरची नोकरी लागली. चाचणी पार पडली की कायम करणार होते. बापाला धरणाचा मान आणि लेकीच्या हातात धरणाचं बटण, याच्यापुढं माणसाला काय पाहिजे.

पहिली चाचणी दसऱ्यानंतर ठरली, अंधार पडल्यावरची, कारण विजेची ओढ तेव्हाच जास्त असते म्हणे. खात्याचे अतुल साहेब शाकाहारी. सरकारी आवारात बोकड चालणार नाही, असं त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि नारळ मागवला. गावानं हौसेनं मांडव घातला, हॅलोजन लावले, डीजे आणला, आणि तयार होणारी वीज सगळ्यांना दिसावी म्हणून लग्नात असतो तसला भला मोठा झगमगीत पडदा आणला. हे सगळं चालणार कशावर, तर खांबावरच्या तारेवर आकडे टाकून. साहेबांनी नारळ फोडला, तमन्नानं बटण दाबलं, पाणी घुसलं, मशीन घुमायला लागलं. पडद्यावर शून्य उमटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मशीन थांबलं. पडदा मात्र ते शून्य रात्रभर फार सुरेख दाखवत राहिला.

गावाचं म्हणणं पडलं की कुणाचा तरी मान डावलला गेला. हौशीराम गुरव म्हणाला, मान माझा डावलला, आसरांना आंघोळ कुठं घातली. गुरवाचा उपाय नारळात भागत होता म्हणून दुसऱ्या चाचणीला तो केला. अभिषेक झाला, स्पीकरवर आरती झाली, आणि आसरा आधीच रुसलेल्या म्हणून या वेळी रोषणाई दुप्पट. मशीन पहिल्यापेक्षा लवकर थांबलं.

तमन्नानं महिपती आबांच्या घरी जाऊन समजावून सांगितलं. विहिरीवरचा पंप सुरू करताना त्यात आधी घागरभर पाणी ओतावं लागतं ना, तसं हे मशीन सुरू होताना बाहेरच्या लाइनीची वीज लागते. तुमच्या माळा नि डीजे ती ओढून घेतात, लाइन मरगळते, मशीन पडतं. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“पोरी, वीज करायचं मशीन हाय ना ते?” ते म्हणाले. “मग आमच्या चार माळांनी ते उपाशी कसं मरंल?”

अतुल साहेबांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी ते अहवालात लिहिलंही होतं. पण मांडव गावाचा, चाचणी गावासमोर व्हावी असा वरून आदेश, आणि गावाला दिवे मालवा म्हणायचं तर पुढच्या बदलीपर्यंत चहा मिळाला नसता. म्हणून ते नुसते घाम पुसत राहिले. ठेकेदार मात्र वैतागला. आणखी एकदा मशीन पडलं तर सगळं कुलूपबंद करून माणसं घरी पाठवणार, असं त्यानं सांगून टाकलं. म्हणजे तमन्नानं पहाटे कंपनीच्या बसनं चाकणला जायचं आणि झोपायला घरी यायचं. आत्ता ती दुपारी भाकरी खायला घरी येत होती. या गोष्टीचं इब्राहिमला इतकं अप्रूप होतं की तो भर दुपारी गिऱ्हाईक सोडून जेवायला पळायचा.

दोन्ही चाचण्या गेल्यावर मुलाण्याशिवाय इलाज उरला नाही. बैठक बसली. बोकडाला साहेबांचा नकार कायम होता, तेव्हा बोकडाच्या जागी कोहळा कापायचं ठरलं, तसं करतातही. पण हौशीराम उठून उभा राहिला. कोहळा ही भाजी आहे, आणि भाजीपाला, नारळ, फूल हे सगळं गुरवाकडं येतं, मुलाण्याचा संबंध मांसापुरता. महिपती आबा म्हणाले, कोहळा बोकडाच्या जागेवर आलाय, तेव्हा बोकड ज्याचा त्याचाच कोहळा. हौशीराम म्हणाला, मग तो बोकड दिसला पाहिजे. शेवटी मध्यम मार्ग निघाला. कोहळ्याला बांबूच्या काड्यांचे चार पाय लावायचे. पाय लावून तो उभा राहिला तर बोकड, म्हणजे मुलाण्याचा. आडवा पडला तर भाजी, म्हणजे गुरवाचा. तिथल्या तिथं पाय ठोकून बघितले. कोहळा डुगडुगला, पण उभा राहिला.

हौशीरामला हार सहज मानवत नाही. त्यानं शेवटची पाचर मारली की भाजीवर बिस्मिल्ला चालतं का.

“बिस्मिल्ला मी चहा पितानाबी म्हणतो,” इब्राहिम म्हणाला. “फकस्त त्याला डोळं लावू नका. मला कापवायचं न्हाई.”

झालं. इब्राहिमचे पाय जमिनीला लागेनात. भगवा फेटा बांधायचा की गुलाबी यावर त्यानं दोन दिवस काढले. वडगावचे, कामशेतचे पाहुणे बोलावले. लोणावळ्याच्या भुशी धरणावर येणाऱ्या जोडप्यांचे फोटो काढणारा एक फोटोवाला पैसे आगाऊ देऊन सांगून ठेवला. आणि गावानंही मन मोठं केलं. एवढी वर्षं मुलाण्याला लटकवलं, त्याची भरपाई म्हणून धरणाच्या अख्ख्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्यांच्या माळा सोडायचं ठरलं, आणि डीजे दोन.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तमन्ना ताटावर नुसती बसून होती.

“अब्बा, उद्या पण पडणार,” ती म्हणाली.

इब्राहिमनं तिला म्हटलं की दिवे नका लावू म्हणून सांग मग. तिनं सांगून झालं होतं. साहेबांना सांगून झालं, आबांना सांगून झालं. दिवे आता इब्राहिमच्या मानासाठी होते, ते काढा म्हणणं म्हणजे मुलाण्याचा अपमान, असं आबांनी उलट तिलाच ऐकवलं होतं. त्याची बायको शहनाज भाकऱ्या थापत होती. ती वळूनसुद्धा न बघता म्हणाली, मान तुमचा हाय तर तुमीच सांगा की.

इब्राहिम बाहेर येऊन सुरी घासत बसला. सुरीला धार होतीच. खरं सांगायचं तर त्याला ते दिवे हवे होते. फार हवे होते. जन्मभर लोकांनी त्याची पाठ बघितली, ओट्यावर वाकलेली. एकदा, एकदाच सगळ्या गावानं त्याचं तोंड बघावं, फेट्यासकट, लख्ख उजेडात, एवढंच त्याला पाहिजे होतं. आणि तो हेही ओळखून होता की लेकीचं कारण पुढं केलं तर गाव हसेल आणि आणखी एक माळ सोडेल. गाव कारणाला बधत नाही. गाव कशाला बधतं हे मात्र तो लहानपणापासून बघत आला होता.

सकाळी तो महिपती आबांच्या ओट्यावर जाऊन बसला. हौशीराम तिथंच चहा पीत होता.

“आबा, एक सांगायचं राहिलं,” इब्राहिम म्हणाला. “आमच्या मानाला उजेड चालत न्हाई.”

 एकदा तोंड सुरू झालं ते थांबेना. त्याच्या बापानं बोकड कापला तो मिट्ट काळोखात. आसरा म्हणजे बायकामाणसं, त्यांना परक्यांच्या उजेडात वर यायची लाज वाटते. नुसतं धरणावर नव्हे, त्या वेळी अख्ख्या गावात दिवा, टीव्ही, मोटार, मिक्सर, काही सुरू असता कामा नये. मशीन फिरून सुरळीत चालू लागेस्तोवर. नाहीतर सुरी लागू होत नाही.

हे त्यानं रात्री सुरी घासता घासता रचलं होतं. त्याच्या बापानं बोकड कापला तो भर दुपारी, जेवणाच्या आधी.

आबांनी डोळे मिटले.  मग म्हणाले, “व्हय. मी बारका होतो. बानं खांद्यावर घेऊन नेलतं. मला चांगलं आठवतंय, कायबी दिसलं न्हवतं.”

हौशीराम मागं राहील तर तो गुरव कसला. आपल्या आज्यानं हे आपल्याला कधीच सांगितलं होतं, असं तो म्हणाला, आणि वर भर घातली की मोबाइलसुद्धा बंद पाहिजेत. त्या काळी मोबाइल होते का, हे कुणी विचारलं नाही. तमन्नाच्या सांगण्यावरून एक बल्ब न मालवणारं गाव दुपारपर्यंत माळा उतरवून मोकळं झालं. दोन्ही डीजे परत गेले. पिठाच्या गिरणीवाल्यानं स्वतःहून कुलूप लावलं. गावच्या धरणाकाठीही तंबू होते, त्या तंबूवाल्यांना वाटलं आता गिऱ्हाईक बोंबलेल, पण त्यांनी त्याला ‘गावठी काळोख अनुभव’ असं नाव दिलं आणि त्याचे वेगळे पैसे लावले.

संध्याकाळ झाली, दिवेलागण टळली आणि खांडशेत काळंकुट्ट झालं. वीजघराच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं असं म्हणतात. जमलं असावं, कारण जो तो दुसऱ्याच्या पायावर पाय देत होता. साहेबांनी शिट्टी वाजवली की तमन्नानं मशीन सुरू करायचं असं ठरलं होतं. पण शिट्टीही आवाज, तीही आसरांना चालणार नाही, असं हौशीरामनं ऐनवेळी काढलं आणि ती साहेबांच्या हातातून काढून घेतली. वीजघराचं दार उघडं होतं. आत तमन्ना बटणावर बोट ठेवून उभी होती आणि कशाची वाट बघायची ते तिला कळत नव्हतं.

आणि मग कोहळाच सापडेना. ठेवला होता तिथून तो कुणाच्या तरी पायाला लागून घरंगळला होता. फेटा बांधलेला इब्राहिम उजव्या हातात सुरी घेऊन, गुडघ्यावर बसून डाव्या हातानं चाचपत निघाला. एका जागी काहीतरी गोल, गुळगुळीत, गार असं हाताला लागलं. त्यानं ते घट्ट धरलं.

“मुलाणी,” अंधारातून अगदी हळू आवाज आला, “ते माझं डोकं हाय.”

महिपती आबाही कोहळा शोधायला वाकले होते. इब्राहिमनं हात काढला, माफी मागितली, आणि पुढं सरकला. अखेर कोहळा मिळाला. त्यानं बोटांनी पाय मोजले तर तीनच. चौथा गळून पडला होता. हे त्यानं मनात ठेवायला हवं होतं, पण सवयीचा सरळ माणूस, बोलून गेला. लगेच हौशीराम म्हणाला की तीन पायांवर तो उभा राहायचा नाही, म्हणजे भाजी झाली. कुणी म्हणालं, लंगडा बोकडही बोकडच. कुणी म्हणालं, लंगडा आसरांना चालत नाही. त्या ठार काळोखात, ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्याशी, गाव कोहळ्याच्या पायांवरून भांडायला लागलं. इब्राहिमला दाराच्या आत लेक उभी असेल ते आठवलं. त्यानं कोहळा दोन गुडघ्यांत धरला, मान वर केली आणि आजवर कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढून बिस्मिल्ला म्हटलं.

सुरी चालली. आत बटण दाबलं गेलं.

पाणी घुसलं. मशीन घुमायला लागलं. घुमत राहिलं. लोक भांडायचे थांबले. घुमणं वाढलं, मग एका सुरात आलं, आणि त्या सुरातून हललं नाही. पायाखालची जमीन बारीक थरथरत होती. साहेब आत डोकावून धावत बाहेर आले आणि दिसेल त्याला मिठी मारणार होते, पण दिसत कुणीच नव्हतं. बऱ्याच वेळानं, सगळं सुरळीत आहे अशी खात्री झाल्यावर, तमन्नानं दारावरचा एकच दिवा लावला. त्या उजेडात गावाला दोन भाग झालेला कोहळा दिसला, आणि इब्राहिम मुलाण्याची पाठ दिसली. तो वाकून काड्यांचे पाय गोळा करत होता.

तमन्ना कायम झाली. ती आता रोज दुपारी घरी जेवते आणि इब्राहिम गिऱ्हाईक सोडून पळतो. गावानं बैठक घेऊन ठराव केला की मुलाण्याचा हा मान दरवर्षी त्याच दिवशी, पूर्वापार रीतीनुसार, पूर्ण अंधारात पाळला जाईल.  रीत इब्राहिमनंच सांगितली होती, आणि आता ती हौशीरामच्या आज्यापेक्षाही जुनी झाली होती.

राहिला फोटोवाला. त्यानं पैसे घेतले होते, तेव्हा त्यानं फोटो काढलाच, फ्लॅश न मारता, रीत सांभाळून. तो मोठा करून, चौकट बसवून आणून दिला. अख्खा काळा. इब्राहिमनं तो दुकानात तराजूच्या वर टांगला आहे. बोनलेस घ्यायला आलेली पोरं विचारतात, काका, हे काय आहे. तो सांगतो, मी आहे, धरणाचा मान घेताना. कुठं, असं विचारलं की तो हात पुसून काचेवर बोट ठेवतो. रोज वेगळ्या ठिकाणी, कारण त्यालाही नक्की माहीत नाही. पोरं हसतात, त्यांच्याबरोबर तोही हसतो, आणि मग उगाचच सुरी घासायला घेतो.

परवा तमन्ना घराची किल्ली मागायला दुकानात आली, तेव्हा एका गिऱ्हाइकापुढं हेच चाललं होतं. ती थोडा वेळ बघत राहिली. मग पुढं होऊन तिनं बापाचं मनगट धरलं आणि त्याचं बोट काचेवरून हळूच सरकवलं.

“इथं नाही अब्बा,” ती म्हणाली. “जरा डावीकडं, खाली. आवाज तिथनं आला होता.”